रविवारी डावीकडे जाणारी गोळी

कुसिवारा, ७ जून १९८२

आर्ने,

काम आहे म्हणून लिहितोय, एरवी माझं पत्र तुला नाताळालाच येतं हे तुला माहीत आहे.

माझी रायफल बिघडली. तीच, फौजेनं मोडीत काढलेली, साठ साली लिलावात घेतली ती. वीस वर्षं तिनं मला खाली बघायला लावलं नाही. गेल्या ऑक्टोबरात मूस माझ्यासमोर सत्तर पावलांवर उभा, गाईसारखा आडवा. खांद्यामागे नेम धरला आणि गोळी बसली पार डावीकडे, पोटात. दोन दिवस कुत्रं घेऊन माग काढला, तेव्हा दलदलीत मेलेला सापडला. मांस कुजलेलं. जनावराचे हाल झाले ते वेगळेच. असली लाज मला कधी आली नव्हती.

आता पुढचं ऐक. आमच्या शिकार मंडळाचा म्होरक्या पेंत्ती, कालचं पोर, पन्नाशीचं, माझ्या घरी येऊन माझीच कॉफी पीत म्हणाला, "ताउनो, एकोणतीस ऑगस्टला नेमबाजीची परीक्षा आहे. चारही गोळ्या आत मारल्यास तर ठिय्या तुझा. नाही तर कालेर्वोचा. यादीत पुढचं नाव त्याचं आहे."

ठिय्या म्हणजे दोन तळ्यांमधली ती चिंचोळी वाट. हाका उठला की मूस तिथूनच जातो. माझा बाप तिथे उभा राहायचा. ती जागा गेली तर मला हाकाऱ्यांत घालतील, झाडांना काठ्या मारत ओरडत फिरायला. नाही तर मंडळाचं सार ढवळायला बसवतील. एकाहत्तराव्या वर्षी.

तू फौजेच्या कारखान्यात वीस वर्षं रायफली नीट केल्यास. काय करू सांग. आणि सरळ विचारतो. तुझ्या बहिणीच्या दफनाला आलास तेव्हा तू ती उघडली होतीस. काय केलंस तिला?

ताउनो


एस्किलस्तूना, १५ जून १९८२

दाजी,

साइमीच्या दफनानंतर मी रायफल उघडली, पुसली आणि बंद केली. हातांना काही तरी काम हवं होतं म्हणून. त्याच पानगळीत तुम्ही तिनं दोन मूस मारलेत आणि मला वाळवलेलं मांस पाठवलंत. तेव्हा माझ्यावरचा संशय काढून टाका.

रागावू नका, पण आधी डोळे तपासून घ्या. माणूस सत्तरीत गेला की नळीच्या टोकावरची नेमाची माशी धूसर दिसते आणि दोष बंदुकीवर जातो.

डोळे ठीक असतील तर असं करा. नळी आतून नीट साफ करा, जुन्या गोळ्यांचं तांबं आत बसून राहतं. फडक्यावर हिरवं उमटणं थांबेपर्यंत सोडू नका. मग नळीचं तोंड बघा, काठाला खोच पडली असेल तर गोळी भरकटते. नंतर कागदाची पट्टी घ्या आणि नळी आणि लाकूड यांच्यामधून टोकापासून मागे ओढत न्या. जिथे अडकेल तिथे लाकूड नळीला ढकलतंय. तेवढं लाकूड हलक्या हातानं खरवडून काढा. मागे, जिथे लोखंड लाकडात बसतं, तिथे दोन्ही स्क्रूंखाली पितळेचा पातळ पत्रा घाला म्हणजे हलणार नाही. आम्ही कारखान्यात हेच करत होतो.

आणि प्रत्येक वेळी पाचच गोळ्या. कागदावर तारीख आणि वार लिहा. हे शेवटचं विसरू नका.

तुमचा आर्ने


कुसिवारा, १२ जुलै १९८२

आर्ने,

डोळे म्हणे! तळ्यापलीकडे कालेर्वोच्या दोरीवर मोजे वाळताहेत. सात आहेत. एकाचा जोडीदार हरवलाय. आता बोल.

सगळं केलं. तीन दिवस नळी घासली. तोंड ठीक आहे. कागद हातभर आत जाऊन डाव्या बाजूला अडकत होता. खरवडलं. इतकं खरवडलं की दोन कागद एकदम जातात. पत्रे घातले. गुरुवारी खाणीपाशी गेलो, शंभर पावलांवरून पाच मारल्या. पाचही कॉफीच्या बशीखाली झाकल्या जातील. मी म्हटलं, आर्ने माणूस कटकट्या आहे, पण कामाचा आहे.

रविवारी पुन्हा गेलो. तीच काडतुसं, तोच दगड, वारा नाही. पाचही डावीकडे, वीतभर. एकाशेजारी एक, अशा जवळजवळ की जणू कोणी मुद्दाम लावल्यात.

जुने कागद काढून बघितले. तुझ्या सांगण्यावरून वार लिहिले होते म्हणून कळलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळे बरे. रविवार, सगळे डावीकडे. आणि गेल्या ऑक्टोबरात तो मूस सुटला तोही रविवारच.

रायफल आपोआप वार ओळखत नाही. कोणी तरी शनिवारी तिला हात लावतंय.

कोण ते सांगतो. राइया उन्हाळ्यात नातवंडं घेऊन येते. गेल्या वर्षी म्हणाली, "बाबा, बंदूक कुलपात नसेल तर मी पोरं आणणार नाही." घरात कुलपाचं कपाट एकच, साइमीचं चादरींचं. ते सौनाच्या बाहेरच्या खोलीत आहे. तेव्हापासून रायफल तिथे, किल्ली शेजारी उंच खिळ्याला. आणि दर शनिवारी त्या खोलीत कोण बसतं? कालेर्वो. त्याची स्वतःची सौना जळाली तेव्हापासून, तीस वर्षं, दर शनिवारी तळं वल्हवत येतो. मी आत वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी ओततो, तो गरमीनं बाहेर पडतो आणि कपाटाशेजारच्या बाकावर बियर घेऊन बसतो. एकटा. आणि ठिय्यासाठी पुढचं नाव कोणाचं, हे मी वर लिहिलंच आहे.

दोन आणि दोन किती होतात, मेहुण्या?

ताउनो


एस्किलस्तूना, १८ जुलै १९८२

दाजी,

दोन आणि दोन चारच होतात, पण मोजायच्या आधी दोन नक्की दोनच आहेत का ते बघावं.

कालेर्वोला मी ओळखतो. साइमीची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत तो होता. असा माणूस पेचकस घेऊन चोरासारखा बसेल, हे मला पटत नाही. आणि एकदा असं बोललं की शब्द परत घेता येत नाही, तुमच्याकडे तर नाहीच.

आधी खात्री करा. स्क्रूंच्या डोक्यापासून लोखंडापर्यंत पेन्सिलीची बारीक रेघ ओढा. कोणी फिरवला तर रेघ तुटेल. तोवर गप्प राहा. एवढंच मागतो.

आर्ने


कुसिवारा, २६ जुलै १९८२

आर्ने,

पेन्सिलीची रेघ मला फार नाजूक वाटली. ती तर ओढलीच, पण वर आणखी एक केलं. माझ्या बापानं चोर पकडायला केलं होतं तेच. घोडीच्या शेपटीचा केस घेतला आणि कपाटाच्या दाराला आणि चौकटीला पिठाच्या खळीनं आडवा चिकटवला. दार उघडलं तर केस पडणार.

शनिवारी संध्याकाळी कालेर्वो आला. आम्ही वाफ घेतली. तो नेहमीसारखा बाहेर जाऊन बसला. रविवारी सकाळी बघतो तर केस जमिनीवर.

स्क्रूची रेघ तशीच होती, हे तुला सांगितलं पाहिजे म्हणून सांगतो. पण रेघ परत जुळवता येते. हुशार माणूस जुळवतो.

खाणीपाशी गेलो. पाच मारल्या. डावीकडे.

तिथून सरळ होडी घेतली आणि त्याच्या धक्क्यावर गेलो. तो जाळं शिवत होता.

"कालेर्वो, शनिवारी मी आत असतो तेव्हा तू बाहेर काय करतोस?"

"बियर पितो."

"आणखी?"

"दुसरी बियर पितो. काय झालंय तुला?"

"कपाटाला हात कोण लावतं?"

"कुठल्या कपाटाला?"

"सोंग करू नकोस. केस पडला."

"कुणाचा केस?"

"घोडीचा."

त्यानं सुई खाली ठेवली. "ताउनो, तुला ऊन लागलंय. घरी जा, डोक्यावर पाणी ओत."

मग मी सगळं बोललो. ठिय्या, यादी, रविवार, पोटात गोळी बसलेला मूस, सगळं. माझं संपल्यावर म्हणाला, "तीस वर्षं मी तुझ्या सौनात उघडा बसलोय. तुला बघायला पुरेसा वेळ मिळाला होता."

आणि जाळं उचलून आत गेला. संध्याकाळी होडीनं आला, माझ्या सौनातला आपला टॉवेल आणि लाकडी तांब्या घेतला आणि गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोटा माणूस नजर देत नाही.

ताउनो


कुसिवारा, ९ ऑगस्ट १९८२

आर्ने,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितो, कारण आता पुरावा हातात आहे.

कालेर्वो दोन शनिवार आला नाही. आणि दोन्ही रविवारी रायफल सरळ! कागद सोबत पाठवतोय, स्वतः बघ. एक तारखेचा आणि आठ तारखेचा. सगळ्या गोळ्या बशीखाली. केससुद्धा जागच्या जागी.

अजून काय हवं? चोर येत नाही, चोरी होत नाही.

पेंत्तीला सांगितलं. त्यानं आधी मान हलवली, मग कागद बघितले. म्हणाला, दुसऱ्याच्या हत्याराशी खेळणारा माणूस मंडळात राहू शकत नाही, उद्या कोणाचा जीव जाईल. परीक्षेला येऊ नकोस असं त्यानं कालेर्वोला कळवलंय. ऑक्टोबरात मंडळाची बैठक आहे, तिथे नाव काढतील. गावात आता कोणी त्याच्याशी बोलत नाही. दुकानात तो आला की बायका भाव विचारायच्या थांबतात.

वाईट वाटतं, नाही असं नाही. शनिवारी फार शांत असतं. पण शांततेनं कोणी मेला नाही.

ताउनो


एस्किलस्तूना, १४ ऑगस्ट १९८२

दाजी,

तुमची दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवून मी दोन दिवस वाचतोय. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. ते दोन शनिवार तुम्ही सौना तापवलीत का?

मला वाटतं, नाही. एकट्यासाठी तुम्ही लाकूड जाळणार नाही. तळ्यात बुडी मारून आला असाल.

म्हणजे त्या दोन शनिवारी कालेर्वो नव्हता, आणि वाफही नव्हती.

रायफलीचं बर्चचं लाकूड वाफ पितं आणि फुगतं. फुगलं की नळीला एका बाजूनं ढकलतं, दोन-तीन दिवस कोरडं राहिलं की परत जागेवर जातं. तुमचं कपाट आणि भट्टी यांच्यामधे फक्त एक भिंत आहे. पिठाची खळी वाफेनं सुटते, केस पडतो. दार उघडायची गरज नाही.

आता माझं पाप. मी तुम्हाला लाकूड खरवडायला सांगितलं. खरवडल्यावर आतून जवसाचं तेल पाजायचं असतं, नाही तर उघडं लाकूड दुप्पट पाणी पितं. आमच्याकडे शिकाऊ पोरालाही हे माहीत असायचं, म्हणून लिहायचं राहिलं. तुमच्या बारा जुलैच्या पत्रात 'सौनाच्या बाहेरच्या खोलीत' हे शब्द वाचताना मला खटकलं होतं. पण मग माझी चूक कबूल करावी लागली असती. म्हणून पेन्सिलीच्या रेघेचं लिहिलं आणि गप्प बसलो. तेव्हा लिहिलं असतं तर तुम्ही त्या धक्क्यावर गेला नसतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक शनिवार एकट्यानं सौना तापवा. रविवारी पाच गोळ्या मारा.

आर्ने


कुसिवारा, २३ ऑगस्ट १९८२

आर्ने,

तापवली. एकटा बसलो. दाराला आतून कडी घातली, किल्ली गळ्यात बांधली, कुत्रं बाहेर बसवलं.

रविवारी पाच मारल्या. डावीकडे. वीतभर.

रायफल आता झोपायच्या खोलीत सुकतेय. तेल आणलंय.

यावर काही लिहू नकोस.

ताउनो


एस्किलस्तूना, २७ ऑगस्ट १९८२

दाजी,

लिहू नको म्हणालात, म्हणून त्यावर लिहीत नाही. तेलाबद्दल लिहितो. कोमट करा, पातळ हात द्या, एक दिवस सुकू द्या, मग दुसरा. रायफल जोडायची घाई करू नका, परीक्षा असली तरी.

आणि एक मागणं. पेंत्तीला मी पत्र लिहू का? चुकीचा सल्ला माझा होता. मी दूर राहतो, माझं नाव खराब झालं तर कोणाचं काही बिघडत नाही.

आर्ने


कुसिवारा, १३ सप्टेंबर १९८२

आर्ने,

पेंत्तीला तू लिहायचं नाहीस. तोंड माझं होतं, ते मीच धुतलं. कसं ते एकदाच लिहितो.

एकोणतीसला परीक्षा झाली. लाकडी मूसवर चार गोळ्या. चारही आत. एक काठावर होती, पेंत्तीनं दोनदा चष्मा पुसून बघितली. लोकांनी पाठ थोपटली. बावीस माणसं होती, बायका कॉफी ओतत होत्या. मी म्हटलं, "थांबा. कालेर्वोनं रायफलीला हात लावलेला नाही. वाफेनं लाकूड फुगलं. चूक माझी. रायफल सौनात ठेवणारा गाढव मी."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पेंत्ती म्हणाला, "ताउनो, हे तू बंद खोलीत मला सांगायचं होतंस."

"नाव बंद खोलीत घेतलं नव्हतं," मी म्हटलं. "आणि त्याची परीक्षा परत घे."

"नियमात नाही."

"मग माझीही रद्द कर."

तो बराच वेळ कप ढवळत बसला. साखर घालत नाही तो कधी. शेवटी म्हणाला, पुढच्या रविवारी बघू.

तिथून कालेर्वोकडे गेलो. कॉफीचं पाकीट बरोबर नेणार होतो, मग ठेवून दिलं, लाच वाटली असती. तो मासे साफ करत होता. वर बघितलं नाही.

"सौना होती," मी म्हटलं.

"काय सौना?"

"वाफ. लाकूड फुगतं. तू नव्हतास."

"मी नव्हतो हे मला माहीत आहे. माझ्यासाठी ही काही बातमी नाही."

"सगळ्यांसमोर सांगून आलोय."

"मला ऐकू आलं. मोठ्यानं बोलतोस तू, तळ्यावरून आवाज येतो."

थट्टा होती का, कळलं नाही. मी उभाच राहिलो. त्यानं आणखी तीन मासे चिरले. मग म्हणाला, "आता मी एक सांगतो, ते ऐकून घे. गेल्या साली तू चुकलास ना, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. जनावराचं वाटलं, तुझं नाही. या परीक्षेतही तू चुकावास असं मला वाटत होतं. शनिवारी तुझ्या बाकावर बसून, तुझी बियर पीत, मला तेच वाटत होतं. चाळीस वर्षं मी झाडांना काठ्या मारतोय, ताउनो. एकदा तिथे उभं राहायचं होतं. पण हात नाही लावला. हात लावायचं सुचलंही नाही."

आर्ने, खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. म्हणजे माझं नाक अगदीच वाया गेलेलं नाही. वास खरा होता, फक्त हाताचा नव्हता. हे मी त्याला बोलून दाखवलं.

तो म्हणाला, "तुझ्यासारखा माफी मागणारा माणूस मी पाहिला नाही."

मी म्हटलं, "पहिला दिवस माझा, दुसरा तुझा. ठिय्याचा."

"दुसऱ्या दिवशी तिथे मूस शिल्लक राहतो का?"

"मग पहिला तुझा."

"का? तू आजारी आहेस?"

"घेतोस का नाही ते बोल."

"घेतो," तो म्हणाला. मासे धुतले, अर्धे कागदात बांधून माझ्या होडीत टाकले आणि घरात गेला. दार लावलं नाही, उघडं ठेवलं, पण आत बोलावलंही नाही. मी आलो परत.

पाच तारखेला त्याची परीक्षा झाली. चारही गोळ्या मधोमध, हे त्यानं मला तेव्हापासून तीनदा सांगितलंय.

परवाच्या शनिवारी सौना तापवली. येईल का नाही, माहीत नव्हतं. मी दोघांपुरती लाकडं घातली आणि विचारायला गेलो नाही. सहा वाजता धक्क्यावर होडी लागल्याचा आवाज झाला. तो आला, कपडे काढले, वरच्या फळीवर बसला. मी पाणी ओतलं. तो म्हणाला, "आज वाफ कमी आहे." मी आणखी ओतलं.

मग नेहमीसारखा बाहेर जाऊन बाकावर बसला. कपाटाचं दार मी सताड उघडं ठेवलं होतं, आत फक्त साइमीच्या चादरी. रायफल कुठे ठेवलीय, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ताउनो